दगडफुलातलं रसायन नक्की बनवतं कोण? ब्लेड, दोन बाटल्या आणि हातभिंग घेऊन स्वतः बघायची पद्धत

लायकेनबद्दल कोणालाही सांगायला बसलं की हमखास एक प्रश्न येतो. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात हे कळलं, पण मग ते पिवळे-केशरी रंग, ती कडू ॲसिडं, हे सगळं त्या दोघांपैकी कोण बनवतं? सरळ उत्तर आहे, बुरशी. पण एवढं सांगून थांबलात तर अर्धंच सांगितलं, कारण तीच बुरशी शेवाळापासून सोडवून एकटी बशीत वाढवली की बऱ्याचदा ती ते रसायन बनवायचंच सोडून देते, किंवा भलतंच काहीतरी बनवत बसते. कारखाना बुरशीचा, पण कच्चा माल शेवाळाचा, आणि कारखाना चालू कधी करायचा ते ऊन, पाणी आणि कोरडेपणा ठरवतात.

हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, निदान माझ्या तरी राहिलं नाही. हाताने करून बघितलं तेव्हा कुठे बसलं. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, आधी नमुना, मग चिरून बघणं, मग रंग बदलतो का ते बघायला रसायनाचा थेंब टाकणं, आणि मग त्या रंगावरून सहजीवनाबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. दगडफूल म्हणा, शैवाक म्हणा, मी पुढे लायकेनच म्हणणार आहे, सवय झालीय.

नमुना घेताना

खाली पडलेल्या फांदीवरचं घ्या. दगडावरचं खरवडू नका, दगडाला चिकटलेल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे तुम्ही नखाने काढलेला तुकडा तुमच्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. या कामाला बोटाच्या पेराएवढा तुकडा रग्गड होतो. तो कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, कारण जरा ओल राहिली की दोन दिवसांत त्यावर दुसरीच बुरशी चढते आणि मग तुम्ही भलत्याच बुरशीची टेस्ट करत बसता. पाकिटावर तारीख, कशावर होतं आणि उन्हात होतं की सावलीत, एवढं लिहा. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि नंतर सगळ्यात जास्त तीच लागते.

पहिल्यांदा करताय तर पानासारखं पसरणारं लायकेन घ्या. पार्मोट्रेमा टिंक्टोरम मिळालं तर सोन्याहून पिवळं. राखाडी रंग, मोठ्या गोलसर पाळ्या, पाळीच्या मध्यभागाकडे वरच्या अंगाला अगदी बारीक बोंडं आल्यासारखी दिसतात. उष्ण भागात बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि त्याच्यावर दोन्ही मुख्य टेस्ट (खाली येणाऱ्या के आणि सी) स्वच्छ येतात.

आधी चिरून बघा, थेंब नंतर

बहुतेक जण घाईघाईने थेंब टाकतात, रंग आला की खूष, पण रंग कुठल्या थरात आला हे बघतच नाहीत. खरी गंमत थरात आहे.

तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. कोरडं लायकेन चिरायला गेलात तर त्याचा चुरा होतो, भिजलं की चामड्यासारखं लवचिक होतं. नव्या कोऱ्या ब्लेडने आडवे, म्हणजे वरच्या अंगापासून तळापर्यंत आरपार, जितके पातळ काप निघतील तितके काढा, दहा काढा, त्यातला एक धड निघतो. स्लाइडवर पाण्यात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघा, नसेल तर चांगल्या हातभिंगाखालीसुद्धा थर ओळखू येतात.

वरून खाली असं दिसेल. सगळ्यात वर एक घट्ट, जवळजवळ पारदर्शक साल, म्हणजे बुरशीचे धागे एकमेकांना गच्च चिकटून झालेलं कॉर्टेक्स. त्याच्या लगेच खाली हिरव्या गोळ्यांची पातळ रांग, ते शेवाळ, बऱ्याचदा ट्रेबौक्सिया नावाचं. त्याच्या खाली पांढरा, कापसासारखा पोकळ गाभा, म्हणजे मेड्युला, तिथे धागे सैल आणि मधे हवा. आणि तळाला बहुतेक वेळा पुन्हा एक साल, काळपट. म्हणजे या सगळ्यात हिरवं किती, तर एक रेघ. बाकी सगळं वजन बुरशीचं. ही एवढीशी हिरवी रेघ सगळ्या घराला पोसते.

आता त्याच कापावर एक करून बघा. जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची किंवा चष्म्याची पोलराइज्ड फिल्म मिळाली तर एक तुकडा स्लाइडखाली आणि एक वर धरा, वरचा हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात सगळं अंधारतं आणि मग सालीत आणि गाभ्यात बारीक बारीक कण चमकायला लागतात, रात्री लांबून गाव दिसावं तसे. ते स्फटिक म्हणजेच आपलं रसायन. नीट बघितलंत तर कळेल की ते पेशीच्या आत नाहीत, बुरशीच्या धाग्यांच्या बाहेरच्या अंगावर चिकटलेले आहेत. हिरव्या रांगेतल्या गोळ्यांच्या आत काही चमकत नाही. कारखाना कुणाचा, याचा पहिला पुरावा हा, एकही बाटली न उघडता मिळालेला. लायकेनच्या कोरड्या वजनात हा माल साधारण ०.१ ते १० टक्के असतो, काही जातींत ३० टक्क्यांपर्यंतही जातो. स्वतःच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका रसायनात गुंतवायचा म्हणजे काय ते बघा.

बाटल्या

पहिली बाटली के. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण, १० ग्रॅम गोळ्या आणि १०० मिली होईपर्यंत पाणी. गोळ्या पाण्यात टाका, पाणी गोळ्यांवर ओतू नका, द्रावण चांगलंच तापतं. डोळ्याला चष्मा पाहिजेच, हे मी गमतीत सांगत नाहीये.

दुसरी सी. साधं कपड्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बिनवासाचं, बिनरंगाचं. हे ब्लीच कुठल्याही ॲसिडच्या आसपासही न्यायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

तिसरी पीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. ही घरी ठेवू नका. विषारी आहे, कातडीला भयंकर ॲलर्जी देते, कपड्याला आणि टेबलाला पडलेले डाग जात नाहीत. लॅबमध्ये, ग्लोव्ह्ज घालून, हवा खेळती असताना, बस. अल्कोहोलमधलं द्रावण एका दिवसात खराब होतं, त्यामुळे लॅबमध्ये सोडियम सल्फाइट घालून टिकाऊ करतात, त्याला स्टायनरचं द्रावण म्हणतात, ते महिनोन्‌महिने चालतं.

आता माझी फजिती. शिकत असताना मी एक आख्खा आठवडा पार्मोट्रेमाचे नमुने तपासले आणि सगळ्यांवर सी निगेटिव्ह. मी तर वहीत ठळक अक्षरात लिहूनसुद्धा ठेवलं की या भागातल्या नमुन्यांत लेकॅनोरिक ॲसिड (सी ला लाल होणारं रसायन) नाही, मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही ठरवलं. सरांनी वही बघितली आणि एकच विचारलं, ब्लीचची बाटली कधी उघडलीस? बाटली होती गेल्या वर्षीची आणि तीसुद्धा खिडकीत उन्हात. ब्लीच पडून पडून नुसतं पाणी होतं. नवी बाटली आणली, पहिल्याच थेंबाला रक्तासारखा लाल. तेव्हापासून दिवसाची पहिली टेस्ट मी कायम माहितीतल्या, हमखास लाल होणाऱ्या तुकड्यावर करतो आणि मगच नव्याकडे जातो. तुम्हीही तेच करा. के चं द्रावणसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन हळूहळू मंदावतं, सहा महिन्यांनी नवं करा.

थेंब

थेंब म्हणजे खरं तर ठिपका. ड्रॉपरने टाकलात तर सगळा तुकडा न्हाऊन निघेल आणि कुठला थर रंगला ते कळणारच नाही. काचेची बारीक ओढलेली नळी किंवा टूथपिकचं टोक वापरा.

पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या वरच्या राखाडी सालीवर के चा ठिपका द्या. दोन-तीन सेकंदांत पिवळा होतो, ते ॲट्रॅनोरिन. आता दुसऱ्या जागी ब्लेडच्या टोकाने साल आणि तिच्याखालची हिरवी रांग हलकेच खरवडून टाका, पांढरा गाभा उघडा पडेल. त्या पांढऱ्यावर सी चा ठिपका. लगेच लाल. हे लेकॅनोरिक ॲसिड. डोळे मिटू नका, कारण हा लाल रंग बऱ्याचदा काही सेकंदांतच उडतो, आणि मोबाइल काढेपर्यंत गेलेला असतो, तेव्हा कॅमेरा आधी चालू करून ठेवा.

आता जरा थांबून बघा काय झालंय. हिरव्या रांगेच्या वर एक रसायन, खाली दुसरंच. एकच बुरशी, पण वरच्या मजल्यावर ती एक माल ठेवते आणि खालच्या मजल्यावर दुसरा. ॲट्रॅनोरिन, उस्निक ॲसिड, पॅरायटिन ही मंडळी बहुतेक वेळा सालीत असतात, शेवाळाच्या डोक्यावर छत्री धरल्यासारखी, कारण ती जास्तीचा आणि घातक प्रकाश अडवतात किंवा परतवतात. गाभ्यातल्या मालाचं काम वेगळं. तो धाग्यांवर बसला की धागे पाणी धरत नाहीत, त्यामुळे लायकेन चिंब असतानासुद्धा मधली हवेची पोकळी मोकळी राहते आणि कार्बन डायऑक्साइड शेवाळापर्यंत पोचतो. शिवाय तो कडू, गोगलगाईंना नकोसा. म्हणजे माल बुरशीचा, पण त्याची मांडणी शेवाळाची जागा धरून केलेली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि ती बघायला एक ब्लेड पुरतं.

रंग का येतो हे माहीत असलं की टेस्ट पाठ कराव्या लागत नाहीत. सी लाल होतो तेव्हा त्या रेणूच्या कड्यात दोन हायड्रॉक्सिल एकाआड एक बसलेले असतात आणि त्यांच्या मधली जागा मोकळी असते, तिथे ब्लीच जाऊन पकडतं. पीडी पिवळा, केशरी किंवा विटकरी होतो तेव्हा अल्डिहाइड गट असतो. के जांभळट-लाल झाला तर क्विनोन असण्याची शक्यता मोठी, उदाहरणार्थ झँथोरिया या केशरी लायकेनमधलं पॅरायटिन. आणि केसी म्हणजे आधी के मग त्याच जागी सी, इथे के ने एस्टरचा बंध तुटतो, लपलेला हायड्रॉक्सिल मोकळा होतो आणि मग ब्लीचला तो सापडतो. एकट्या सी ला काही न होणारा तुकडा केसी ला गुलाबी झाला की समजायचं, जोडलेला रेणू होता, तो फोडला. उस्निक ॲसिड असेल तर केसी ला पिवळं होतं.

एक खास बघण्यासारखी. नॉरस्टिक्टिक ॲसिड असलेल्या जातीचा काप मायक्रोस्कोपखाली ठेवून कडेने के सोडा. आधी पिवळा ढग सुटतो, मग तो लालसर होतो आणि बघता बघता त्यातून लाल सुया उगवायला लागतात, झाडूच्या काड्यांसारखे जुडगे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या सगळ्यांना ओढून आणून दाखवलं होतं.

जाता जाता. के आणि सी च्या या टेस्ट विल्यम नायलँडरने १८६६ मध्ये आणल्या. त्याच दशकात सायमन श्वेंडेनर म्हणाला की लायकेन म्हणजे एक जीव नाही, बुरशी आणि शेवाळ मिळून झालेला संसार आहे. आणि नायलँडरने ते मरेपर्यंत मान्य केलं नाही. रसायन ओळखायची किल्ली ज्याच्या हातात होती त्याला घरात दोघं राहतात हेच पटलं नाही. पीडी नंतर जपानच्या यासुहिको असाहिनाने १९३० च्या दशकात आणली.

आता मुद्दा: शेवाळाचा हात कुठे?

इथपर्यंत आपण एवढंच बघितलं की माल बुरशीच्या धाग्यांवर असतो. शेवाळ काय करतं?

पहिलं, पोसतं. हिरवं शेवाळ प्रकाशात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा बुरशीला देतं, पण साध्या साखरेच्या रूपात नाही. ट्रेबौक्सिया असेल तर रिबिटॉल, ट्रेंटेपोहलिया असेल तर एरिथ्रिटॉल, आणि जोडीदार नॉस्टॉकसारखा सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) असेल तर ग्लुकोज. बुरशी ते घेते आणि मॅनिटॉल करून ठेवते, मग शेवाळाला ते परत वापरता येत नाही (हिशेब पक्का आहे तिचा). याच कार्बनमधून पुढे दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत जाणारी एन्झाइम, ज्यांना पॉलिकिटाइड सिंथेज म्हणतात, ती डेप्साइड आणि डेप्सिडोन (कडी जोडून बनलेले रेणू), उस्निक ॲसिड, पॅरायटिन असला माल काढतात. पिवळं विषारी व्हल्पिनिक ॲसिड वेगळ्या वाटेने, शिकिमेट वाटेने येतं, आणि झिओरिनसारखे ट्रायटर्पीन मेव्हॅलोनेट वाटेने. लायकेनमधून आजवर हजाराहून जास्त अशी संयुगं सापडलीत आणि त्यातली बहुतेक दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

कृती बुरशीच्याच जीन्समध्ये आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही. २०२१ मध्ये ॲट्रॅनोरिनचे जीन्स उचलून एका वेगळ्याच, लायकेन न करणाऱ्या बुरशीत घातले तर तिने शेवाळाशिवाय ॲट्रॅनोरिन काढून दाखवलं. त्याच वर्षी लेकॅनोरिक ॲसिडचं काम यीस्टमध्ये झालं. म्हणजे आपण वर जे दोन रंग बघितले, पिवळा आणि लाल, ते दोन्ही.

मग शेवाळ लागतंच कशाला? इथे गाडी अडते. लायकेनची स्वतःची बुरशी एकटी वाढवली की जीन्स तेच असूनही ती बऱ्याचदा गप्प बसते. जुना एक अंदाज असा आहे की एकट्या बुरशीत एक एन्झाइम मधल्या ॲसिडचा कार्बॉक्सिल गट तोडून टाकतं, त्यामुळे जोडून मोठा रेणू बनायच्या आतच माल साध्या फिनॉलमध्ये संपतो, आणि शेवाळ सोबत असलं की ते एन्झाइम दबतं. पण हेही पूर्ण उत्तर नाही, कारण १९९२ मध्ये क्लॅडोनिया ग्रेई या लायकेनच्या एकट्या बुरशीकडून ग्रेयानिक ॲसिड काढून घेतलं गेलं, फक्त तिला ओल्या द्रवात न ठेवता कोरडं पडू दिलं आणि हवेत धागे उभे करू दिले तेव्हा. म्हणजे शेवाळाची जागा काही प्रमाणात परिस्थितीने घेतली. विचार केला तर पटतं, खऱ्या लायकेनमध्ये शेवाळामुळेच तर बुरशी हवेत धागे काढून उन्हापावसात उभी राहू शकते. पोसणारं घरात असल्याशिवाय असलं धाडस कोण करणार.

धुऊन बघायचा प्रयोग

या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग, आणि हा खरंच करता येतो. केशरी झँथोरिया परायटिना किंवा तिच्यासारखं पॅरायटिनवालं लायकेन लागेल.

तुकडा पूर्ण कोरडा होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, ओल असेल तर ॲसिटोन त्याला मारून टाकेल. कोरड्या अवस्थेत लायकेन झोपलेलं असतं, ॲसिटोन फक्त बाहेरचे स्फटिक विरघळवून नेतं आणि जीव जात नाही. हे सोल्हाउग आणि गाउस्ला या नॉर्वेच्या जोडीने १९९६ मध्ये दाखवलं. काचेच्या बाटलीत ॲसिटोन घ्या, तुकडा पाच मिनिटं बुडवा, काढा, नवीन ॲसिटोन, असं चार वेळा. पहिलंच ॲसिटोन पिवळं-केशरी होतं. आजूबाजूला ज्योत, शेगडी, चालू हीटर काही नको, खिडकी उघडी. मग वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा आणि पाण्याचा हलका फवारा मारा. समोर केशरीऐवजी हिरवट-करडं लायकेन. छत्री काढून घेतलेलं शेवाळ तुमच्याकडे बघतंय.

आता असे धुतलेले दोन तुकडे घ्या. एक बाहेर मोकळ्या उजेडात, दुसरा तशाच जागी पण जाड काचेखाली, काच जरा वर उचलून, हवा खेळेल अशी. रोज दोघांना सारखाच फवारा. साध्या काचेतून दिसणारा प्रकाश जातो पण यूव्ही-बी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग) जवळजवळ अडतो. पॅरायटिन परत बनायला यूव्ही-बीची सूचना लागते, त्यामुळे काचेखालच्याला रंग परत यायला अवघड जातं. दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा, आणि शेवटी दोघांवर के चा ठिपका. काच तापून खालचा तुकडा उगाच शिजू नये एवढं बघा, नाहीतर तुम्ही यूव्हीचा नाही तर उष्णतेचा प्रयोग केलात.

त्याच जोडीने २००४ मध्ये पुढचा भाग दाखवला आणि तो आपल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर आहे. यूव्ही-बीने कारखाना चालू होतो, पण शेवाळाला प्रकाशसंश्लेषण करता आलं, किंवा बाहेरून रिबिटॉलसारखी साखर दिली, तर पॅरायटिन जास्त बनतं. बटण उन्हाचं, मशीन बुरशीचं, इंधन शेवाळाचं. एका ओळीत कोणी विचारलंच तर मी हेच सांगतो.

जोडीदार बदलला तर

कोलेमासारखं काळं, ओलं झालं की जेलीसारखं फुगणारं लायकेन घ्या आणि के, सी, पीडी सगळं करून बघा. काही नाही. बाटली खराब झाली म्हणून घाबरू नका (आधी माहितीतल्या तुकड्यावर खात्री केलीच असेल), त्याच्यात ही नेहमीची संयुगं नसतातच. तिथे जोडीदार नॉस्टॉक आहे, आणि नॉस्टॉकवाल्या बऱ्याच लायकेनांत ही कपाटं रिकामी दिसतात. पण म्हणून रसायन नाही असं लिहू नका. नॉस्टॉक स्वतःच एक छोटा कारखाना आहे. काही लायकेनांत मायक्रोसिस्टिनसारखी विषं सापडलीत, ती सायनोबॅक्टेरियाची. आणि २०१३ मध्ये पेल्टिजेरा मेंब्रॅनेशियामध्ये नॉस्पेरिन नावाचं संयुग मिळालं, ते पेडेरिनच्या घराण्यातलं. पेडेरिन म्हणजे तेच जे पेडेरस किड्याच्या अंगात असतं आणि कातडीवर फोड आणतं, तिथेही ते किड्याच्या अंगात राहणारे बॅक्टेरिया बनवतात. नॉस्पेरिन बनवणारा बुरशी नाही, नॉस्टॉक. तेव्हा वर मी "सरळ उत्तर बुरशी" म्हणालो त्याला हा अपवाद आहे, आणि तो आपल्या टेस्टच्या बाटल्यांना दिसतच नाही.

तिसऱ्या भिडूचीही भानगड आहे. ब्रायोरिया फ्रेमोंटाय तपकिरी आणि ब्रायोरिया टॉर्टुओसा पिवळट, कारण दुसऱ्यात व्हल्पिनिक ॲसिड भरपूर. बुरशी तपासली, तीच. शेवाळ तपासलं, तेच. मग फरक कशाने? २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना सालीत एक वेगळं यीस्ट सापडलं आणि पिवळ्यात ते जास्त होतं. लगेच लोकांनी "यीस्टच व्हल्पिनिक ॲसिड बनवतं" असं फिरवायला सुरुवात केली. तसं त्यात दाखवलेलं नाही. दोन गोष्टी बरोबर वाढतात एवढंच दाखवलंय, कोण कोणामुळे हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

पुढची पायरी

ठिपक्यांनी गट कळतो, नाव पक्कं होत नाही. के पिवळं झालं म्हणजे ॲट्रॅनोरिनच असं नाही, तो आणखीही काही असू शकतो. नाव पाहिजे तर टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, प्लेटवर रसायनं वेगवेगळी पाडायची पद्धत. तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवा, तो अर्क सिलिका प्लेटच्या तळाशी ठिपक्याने लावा, शेजारी माहितीतल्या लायकेनचा ठिपका, आणि द्रावक वर चढू द्या. टोल्यूइन, डायऑक्सेन आणि ॲसेटिक ॲसिड १८०, ४५, ५ या प्रमाणात, हे या क्षेत्रातलं ए द्रावक. मग १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडचा फवारा आणि ११० अंशांवर तापवणं, ठिपके रंग घेऊन वर येतात. ही पद्धत १९७० मध्ये कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन यांनी बसवून दिली आणि अजून तीच वापरतात. अर्थात हे लॅबचं काम, घरी नाही.

लॅब नसेल तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत सालीवर आणि गाभ्यावर मारा, स्क्वामॅटिक ॲसिडवालं निळसर-पांढरं चमकतं, लायकेझँथोनवालं भडक पिवळं. टॉर्चकडे सरळ बघू नका. आणि गडद किंवा मुळातच पिवळ्या लायकेनवर ठिपक्याचा रंग कळत नसेल तर अर्क पांढऱ्या फिल्टर पेपरवर उतरवा, सुकू द्या आणि त्या डागावर टेस्ट करा.

वहीत लिहिताना एक सवय लावा. "सी पॉझिटिव्ह" एवढंच लिहू नका, "गाभा, सी, लाल, पाच सेकंदांत उडाला, उन्हातली फांदी, ब्लीच उघडल्याची तारीख" असं लिहा. शेवाळाचा प्रकार मायक्रोस्कोपखाली ओळखता आला तर तोही, निदान हिरव्या गोळ्या की निळसर माळा एवढं तरी. एकाच जातीचे उन्हातले आणि सावलीतले दहा-दहा तुकडे असे लिहून झाले की सालीचा रंग आणि के चा पिवळेपणा कुठे गडद, कुठे फिका ते पानावर आपोआप दिसायला लागतं. माझी पहिली वही बघितली तर निम्म्या पानांवर नुसतं के प्लस, सी मायनस एवढंच आहे, कुठल्या थरावर ते नाही, म्हणून ते सगळे तुकडे पाकिटांतून काढून परत चिरत बसावं लागलं.